कूलरसमोरचा पाहुणा

आमच्या दवनीवाड्यात मे महिन्यात पाहुणा आला की पहिली जागा मिळते ती कूलरसमोरची. घरचे घामाने भिजतील, पण पाहुण्याच्या तोंडावर वारा पाहिजे. पाणी आणायच्या आधी आम्ही खुर्ची सरकवतो. रीत चांगली आहे, माझी काही तक्रार नाही. फक्त ती मी माणसांपुरती ठेवायला हवी होती.

माझ्याकडे एक छोटा सर्व्हर आहे. सर्व्हर म्हटलं की लोकांना मोठं कपाट डोळ्यांसमोर येतं. माझा म्हणजे सुपारीच्या डब्याएवढा कॉम्प्युटर, त्याला वायरने जोडलेल्या चार हार्ड डिस्क आणि घरातलं वायफाय. धानाची शेती सांभाळून मी वीस-बावीस वर्षं लग्नांचं शूटिंग केलं. कॅसेटींना बुरशी लागायला लागली तेव्हा एकेक करून सगळ्या डिस्कवर चढवल्या आणि हा डबा बसवला. आता टीव्हीवर हवं ते लग्न लावता येतं. गावातली माणसं येतात, आपली वरात बघतात, तेव्हाचे केस बघून हसतात आणि चहा पिऊन जातात. बायको या सगळ्या प्रकाराला डबडं म्हणते.

त्या डबड्यातलं माझ्या लेखी मोलाचं लग्न एकच, माझ्या ताईचं. मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर काढलेलं, माझं पहिलंच. त्यात आई आहे. मोबाइल घरोघरी यायच्या आधीच आई गेली, त्यामुळे तिचा आवाज फक्त त्या एका शूटिंगमध्ये उरला आहे, आणि कॅसेट बुरशीने खाल्ल्यापासून ते शूटिंग एका डिस्कवर. ताई केशोरीला असते. दरवर्षी उन्हाळी धान कापून झाला की बस बदलत बदलत माहेरी येते, हातपाय धुते आणि म्हणते, "लाव रे बाबू, आई लाव." हे ऐकलं की मला दरवेळी भरून येतं, आणि दरवेळी मी रिमोट शोधायच्या निमित्ताने तोंड फिरवतो.

यंदा ऊन असं तापलं की डिस्कला हात लावला तर चटका बसायचा. चारही डिस्क मी विटांसारख्या एकावर एक रचून टीव्हीमागच्या कोपऱ्यात ठेवल्या होत्या. त्यांना गरम होतंय हे दिसल्यावर अंगवळणी जे पडलंय तेच मी केलं. स्टूल आणलं, सगळा पसारा त्यावर मांडला आणि कूलरच्या थेट तोंडासमोर बसवला. वाळ्याच्या नव्या ताट्या, टाकीत काठोकाठ पाणी. मी स्वतः बाजूला उकडत बसलो आणि बायकोला ऐटीत म्हणालो, "पाह्य, याले म्हणते डोकं."

तिचा जन्म धान वाळवण्यात गेलेला. तिने कूलरकडे पाहिलं, डबड्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तिथं ठेवलेले पापड नरम पडते. तुमचं डबडं बरं राहीन?"

मी हसलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण दुसऱ्यांसाठी असते असं मला तोवर वाटत होतं.

पंधरा दिवसांनी ताई आली. हातपाय धुतले, पदराला हात पुसले, आई लाव म्हणाली. मी टीव्ही लावला. यादीत तीनच डिस्क होत्या. आईची नव्हती. डबा बंद करून पुन्हा चालू केला, तर ती डिस्क टक् टक् करायला लागली, क्षणभर दिसली आणि गेली. चार वेळा केलं, चार वेळा तेच.

"काय झालं रे?"

"लाइनचं काहीतरी होऊन राहिलं," मी म्हणालो. ती खोटं पकडण्यात लहानपणापासून पटाईत, पण त्या दिवशी तिने मला सोडलं. "राहू दे, उद्या पाहू," म्हणाली आणि बायकोजवळ भाजी निवडायला जाऊन बसली. निवडलेली भाजीच पुन्हा निवडत होती. ते बघून मला स्वतःचा असा राग आला की डबा अंगणात भिरकावून द्यावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकातल्या वाइंडिंगवाल्याला घरी आणलं. हा माणूस जळालेल्या पाण्याच्या मोटारींत नवी तार भरून देतो. कॉम्प्युटरचं आणि त्याचं काही नातं नाही, पण त्याच्याकडे मीटर आहे आणि घाई नाही. त्याने आधी एकेक वायर काढून तिचं तोंड उन्हाकडे धरलं. आतल्या पिना हिरवट पडल्या होत्या.

"भाऊ, हे पाण्यात ठेवलं होतं का?"

"कूलरसमोर."

त्याने पिनांवर फुंकर मारली. हसला असता तर बरं झालं असतं. स्पिरिट आणि जुना टूथब्रश घेऊन तो प्रत्येक पिन घासत बसला. मग सगळं तासभर कोरड्या सावलीत ठेवलं, जोडलं, मीटर लावलं आणि मला बटण दाबायला सांगितलं. चारही डिस्क एकदम फिरायला लागल्या आणि मीटरवरचा व्होल्टेजचा आकडा धाडकन खाली आला. टक्, टक्.

"चारही एकाच अडॅप्टरवर?" त्याने विचारलं. मी मान हलवली.

"तुमच्या वावराच्या डीपीवर अकरा मोटारी हायत. लाइन आली का अकराही जण एकदम बटन दाबता का?"

मी खाली बघायला लागलो. कारण आमच्या शिवारात हा कायदा मीच चालवतो. लाइन आली की कालव्याकडच्याची मोटार आधी, ती उचलली की त्याने पुढच्याला फोन करायचा, मग त्याची. सगळ्या एकदम लागल्या तर एकही उचलत नाही आणि डीपीचा, म्हणजे वावरातल्या ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज जातो. घाई करणाऱ्याला मी बांधावरून शिव्या घालतो. आणि घरात मात्र चार मोटारी एका दमात ओढत होतो.

त्याने दुकानातून दोन जास्तीचे अडॅप्टर आणून इन्व्हर्टरवर वेगळी जोडणी करून दिली आणि प्रत्येक डिस्कला स्वतःचं बटण बसवलं. तोवर बायकोने धानाच्या खोलीत जागा केली होती. पोती जमिनीला टेकू नयेत म्हणून खाली घालतो त्यातल्या दोन फळ्या तिने ओढल्या, त्यावर बांबूची टोपली पालथी घातली आणि डिस्क उभ्या मांडल्या, दोन बोटांचं अंतर ठेवून. बाजूला साधा टेबलफॅन. "वारा पायजे, ओल नको," ती म्हणाली, "धान असो का डबडं असो." या दोघांपुढे त्या दिवशी मला खरोखर हात जोडावेसे वाटले. इतकी वर्षं मी इंटरनेटवर शोधत होतो ते माझ्याच वावरात आणि माझ्याच घरात होतं.

पहिलं बटण. ती नीट फिरायला लागल्यावर दुसरं. मग तिसरं. चौथ्याला माझं बोट थांबलं, तेव्हा ताईनेच पुढे होऊन दाबलं. टक् झालं नाही. बारीक घरघर सुरू झाली.

आई दिसली. मांडवात गर्दी, हातात ताट, आणि ती सरळ कॅमेऱ्याकडे चालत येते. "सकाळपासून उपाशी फिरून राहिला. ठेव ते, अन् चार घास खाय." कितीतरी वर्षं मला वाटत होतं की आईने माझा शॉट बिघडवला. एकदा तर तेवढा तुकडा कापायला घेतला होता. ताई रडत होती, मीही रडलो, आणि वाइंडिंगवाला मान वर न करता वायर गुंडाळत राहिला.

जाताना त्याने विचारलं, "याची दुसरी कॉपी कुठं हाय?"

"नाही."

"कायले?"

ताईने दोनदा पेनड्राइव्ह आणला होता आणि दोन्ही वेळा मी सांगितलं होतं, फाइल मोठी आहे, तुझ्या टीव्हीवर चालणार नाही. धादांत खोटं. आई गेली, मग बाबा गेले. आई-बाप नसलेल्या माहेरी बहीण किती वर्षं येणार? हे लग्न माझ्याकडेच राहिलं तर तिला यावं लागेल, एवढा हिशोब करून मी आईला एका डिस्कवर कोंडून ठेवलं होतं. त्या दिवशी ते सगळ्यांसमोर बोलून टाकलं. लाज वाटली, पण हलकंही वाटलं.

ताईने आधी माझ्या पाठीत धपाटा घातला.

"येडा हायेस का रे? आई पाहाले येऊन राहिली का मी? आई तं मले रोज आरशात दिसते. तू त्या शूटिंगमंदी कुठीच नाई. तुले पाहाले येते."

मग पेनड्राइव्ह काढून माझ्या हातात दिला. कॉपी व्हायला बारा मिनिटं लागली. तेवढा वेळ टीव्ही बंद होता आणि ती माझ्याकडे बघत बसली होती.