तळघरातला करपट वास

१४ ऑक्टोबर २०२३, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे. पोर्तुगालमधल्या एका वायनरीच्या तळघरात गाइड पिंपांविषयी सांगत होती आणि मी ते आईला मराठीत सांगत होते. आई रोह्यातली निवृत्त शिक्षिका. येतानाच तिने बजावले होते, "बघीन सगळं, पिणार नाय."

कोरोनात तिची वास घेण्याची शक्ती गेली, त्याला अडीच वर्षे झाली होती. दूध करपले तरी तिला कळत नसे. पण मनाला लागले ते पोपटीचे. हिवाळ्यात खांब गावी, मामाच्या शेतात, वालाच्या शेंगांनी भरलेल्या मडक्याभोवती जाळ करून त्या भाजतात, तीच पोपटी. मडके कधी बाहेर काढायचे ते पूर्वी आईच्या नाकावर ठरे. आता ती लांब खुर्चीत बसून राही. दर रविवारी मी तिला लवंग, लिंबू, कॉफी हुंगायला देई आणि वासाला दहापैकी गुण मागे. उत्तर कायम शून्य.

तळघरात तिने एकदम माझा दंड धरला. "अगो, काय तरी करपतंय!"

मी हे सांगताच गाइड हसली. भिंतीपलीकडच्या अंगणात कामगार नवी पिंपे आतून जाळावर शेकत होते. तळघराला खिडकी नव्हती. धूर दिसणे शक्य नव्हते. तरीही एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढणे मला पटेना. गाइडला मी सारे सांगितले. तिने बाकीच्या पर्यटकांना सहकाऱ्याबरोबर पुढे पाठवले, एका पेल्यात पाणी आणि दुसऱ्यात वाइन ओतली. आईने डोळे मिटले. गाइडने पेले पुन्हापुन्हा अदलाबदल करून तिच्या नाकाशी धरले. आई एकदाही चुकली नाही.

"आईला दारूचा वास आला म्हणून रडणारी पोर पयल्यांदाच बघतेय," आई म्हणाली.

गाइडचे आभार मानायला मला शब्द सापडेनात; आजही पुरेसे सापडलेले नाहीत. आईला भाषेची अडचण आली नाही. तिने गाइडचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "सुखात ऱ्हा गो बाय."

बाहेर आल्यावर मी विचारले, "दहापैकी किती?"

"तीन."

"इतकेच?"

"मास्तरीण हाय मी. उगाच गुण वाटत नाय."

मी फोनमध्ये नोंदवले: ३.