नाव कमी करा

भाचीला बेरोजगार भत्ता मिळावा म्हणून तिच्यासोबत मी रोजगार कार्यालयात गेलो होतो. रांगेत सगळी पंचविशीच्या आतबाहेरची मुलं होती. आमच्या पुढची मुलगी खिडकीशी पोचली आणि म्हणाली, "सर, माझा भत्ता बंद करा. नोकरी लागलीय."

खिडकीतल्या वयस्क कारकुनांनी मान वर केली. "बंद कशाला करताय? मुदत संपली की आपोआप बंद होईल."

"तसं नको. मी आता बेरोजगार नाही, असं लिहून द्या."

"असा दाखला आमच्याकडे नसतो, ताई."

माणूस रहिवासी आहे, हयात आहे, गरीब आहे, असं सरकार लिहून देतं. त्याचे वाईट दिवस सरले, हे मात्र कुणी लिहून देत नाही. भत्त्यातून तिचा बसचा पास निघाला असेल, परीक्षांची फी भरली गेली असेल. पण लग्नाकार्यात कुणी 'सध्या काय करतेस?' म्हणून विचारलं, की तिला विषय बदलावा लागत असणार.

कारकुनांनी कॉम्प्युटरवर तिचं नाव शोधून कमी केलं. "झालं," ते म्हणाले. तरी ती उभीच. मग ते खुर्चीतून थोडे उठले आणि हसून म्हणाले, "आता इथे परत येऊ नका हं."

तीही हसली, पर्स खांद्याला लावून निघाली. मागचा मुलगा "चला ना पुढे" म्हणेपर्यंत माझी भाची तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत होती.