पायांवरची अंघोळ

माझ्या दोन्ही नडग्यांवर सोरायसिसचे चट्टे होते, आणि आमच्या ठाकूरद्वारच्या घरात तान्ह्या बाळाला पाय पसरून, नडग्यांवर घेऊनच न्हाऊ घालत. त्यामुळे माझ्या लेकीची अंघोळ सासूबाईंकडे गेली. "बाळाला लागलं तर?" एवढंच त्या म्हणाल्या. हा रोग कुणाला लागत नाही, असं मी रोज सांगायचे. भिंतीला सांगितलं असतं तर निदान तिने तोंड तरी फिरवलं नसतं. मोरीच्या दाराशी पंचा घेऊन मी नुसती उभी. लेक मान धरू लागली होती. एकदा बसायला लागली की पायांवरची अंघोळ संपलीच.

परळच्या डॉक्टरांनी डांबराचं मलम आणि किरणांचा दिवा सुचवला. त्यांनी काही लपवलं नाही. चट्टे बरेचसे जातील, खाज थांबेल. पण पुन्हा उठणार नाहीत याची हमी नाही. दिव्याखाली वेळ जास्त झाला तर कातडी भाजेल, डोळ्यांना जपावं लागेल, आणि वर्षानुवर्षं घेत राहिलं तर कातडीचा कॅन्सरही होऊ शकतो. "घरी विचार करा," म्हणाले. मी विचार केला तो ट्रामचा थांबा येईपर्यंत. लेक माझ्यासाठी वाढायची थांबणार होती थोडीच!

दिव्याने गुण येऊ लागला. खपल्या गळाल्या, लाली उतरली. नेमकं तेव्हाच संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलं. गिरगावात अश्रुधूर, संचारबंदी, ट्रामा बंद. मुंबईसह महाराष्ट्र मलाही हवा होता, पण त्याआधी मला परळला जायचं होतं. गॅलरीत येरझारा घालून मी घरच्यांना वीट आणला.

सासूबाईंना माझी दया आली असावी. त्यांनी बावचीचं तेल काढलं. त्यांच्या माहेरी कोडावर ते लावून उन्हात बसवत. "दिवा सुरू झाला की दोन्ही मिळून लवकर गुण येईल," म्हणत त्यांनी स्वतः चोळलं. ज्या नडग्यांवर नातीला ठेवू देत नव्हत्या, त्यांना हात लावताना मात्र त्या जराही कचरल्या नाहीत. ट्रामा सुरू झाल्या त्या सकाळीही तेल चोळूनच मी दिव्याखाली बसले.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पायांवर टरारून फोड आले. डॉक्टरांनी तेलाचं ऐकून कपाळाला हात लावला. बावचीने कातडी उजेडाला हळवी होते. त्यावर दिवा, म्हणजे भाजणारच. "सासूबाईंना घेऊन या," म्हणाले.

त्या रडवेल्या होऊन आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "आणि हा रोग बाळाला लागतो का हो?"

"छे! कुणालाच लागत नाही."

त्यांनी लगेच मान डोलावली. माझा मात्र संताप संताप झाला. हेच मी महिनोन्महिने सांगत होते ना!

फोड सुकले, चट्टे पुन्हा उठले. दिवा कमी वेळ ठेवून पुन्हा सुरू करता येईल, ठरवा तुम्ही, असं डॉक्टर म्हणाले होते. पुढे मी तो घेतला, जपून, तोही खाजेपुरता. पण तेव्हा काहीच ठरत नव्हतं. एका सकाळी सासूबाईंनी मोरीतून हाक मारली.

"बस. पाय पसर. ही आता कधीही बसायला लागेल."

लेक माझ्या पायांवर जेमतेम मावत होती. तिचं तेलकट पोट चट्ट्यांवरून घसरत होतं. मी तिला घट्ट धरलं आणि मला हुंदका फुटला.

"पुरे आता," सासूबाई तांब्या भरत म्हणाल्या, "पाणी निवतंय."