संजीवनीच्या कॅरॅव्हॅनची भिंत

"हात लावू नका त्या भिंतीला!"

"लावून झालाय. इकडे ये, बघ."

"कुणाला विचारून?"

"विचारायचं काय त्यात? आत पाणी साचलं होतं."

"कॅरॅव्हॅन कुणाची आहे?"

"संजीवनी, प्रश्न मालकीचा नाहीये. प्रश्न इन्सुलेशनचा आहे."

"नाही, चीफसाहेब. प्रश्न मालकीचाच आहे."

सिंगापुरातल्या वुडलँड्सच्या वर्कशॉपच्या गल्लीत एक भाड्याची शेड होती. तिच्यात एक म्हातारी कॅरॅव्हॅन, चाकांवरची खोली, उभी होती आणि तिच्या दारात संजीवनी, हातात डब्याची पिशवी तशीच. आत तिचा नवरा प्रबोध, जहाजावरचा चीफ इंजिनियर, उकिडवा बसला होता. त्यानं खिडकीखालचं प्लायवूड उचकटून काढलं होतं. ते आज सकाळपर्यंत फिकट पिवळ्या रंगात चकाकत होतं. तो रंग संजीवनीनं तीनदा बदलून ठरवला होता. आता प्लाय पालथं पडलं होतं, आणि उघड्या भिंतीतून उष्णता अडवायला भरलेला काचेचा कापूस ओल्या गोधडीसारखा लोंबत होता.

परवा शनिवार. शनिवारी ट्रक येणार होता. ही कॅरॅव्हॅन, आणि तिच्यात राहायला संजीवनी, कॉजवेच्या पुलावरून मलेशियातल्या जोहोरमधल्या एका फळबागेत जाणार होती. बागेच्या मालकीणबाई मिसेस लिम यांनी रांबुतानाच्या झाडांखालची जागा तिच्यासाठी राखून ठेवली होती, आणि स्पष्ट सांगितलं होतं, "शनिवारी आली नाही, तर माझ्या भाच्याचा तंबू लागेल तिथे."

संजीवनीचा राग समजायला जहाजावरची एक रीत माहीत हवी. जुना चीफ इंजिनियर उतरतो, नवा चढतो. चढणारा पहिलं काम काय करतो? इंजिनरूममध्ये एक फेरी मारतो आणि म्हणतो, "कुणी केलंय हे? सगळी वाट लावून ठेवलीय!" प्रत्येक नवा चीफ म्हणतो. उतरणाऱ्यानं सोन्याचं इंजिन ठेवलं असलं तरी म्हणतो. त्यात द्वेष नसतो, पद्धतच ती.

प्रबोध ती पद्धत घरी घेऊन यायचा. कॉन्ट्रॅक्ट संपलं की चांगी विमानतळावरून थेट फ्लॅटमध्ये, आणि बॅग ठेवायच्या आधी एक फेरी. "हा नळ कुणी घट्ट केलाय?" "फ्रिज भिंतीला चिकटवून कुणी ठेवला? त्याला श्वास कुठून मिळणार?" "गार्गीच्या टेबलाला हा दिवा?" लहानगी लेक गार्गी सिंगापुरी हेल काढून उत्तर द्यायची, "मम्मी, लाह!" आणि पळून जायची. संजीवनी पोळ्या लाटत राहायची. लग्नाची सगळी वर्षं ती स्वतःच्या घरात उतरून गेलेला चीफ होती, ज्यानं वाट लावून ठेवली तो.

पुण्यात ती शाळेत भूगोल शिकवायची. इथे आली तेव्हा तिच्या राहण्याच्या पासवर एक शब्द छापलेला होता, डिपेंडंट, म्हणजे नवऱ्यावर अवलंबून. पुढे कागद बदलले. शब्द मात्र आत कुठेतरी राहिला.

मग प्रबोधच्या शेवटच्या कॉन्ट्रॅक्टच्या वेळी समुद्राकाठचा एक हॉलिडे कॅम्प बंद पडला आणि तिथली कॅरॅव्हॅन भंगारात निघाली. संजीवनीनं शिकवण्यांच्या पैशातून ती घेतली. आता रॅफल्स प्लेसच्या बँकेत नोकरीला असलेली गार्गी फोनवर किंचाळली, "मम्मी, यू क्रेझी आह? आत बसलं तर भट्टी आहे ती!"

"मग भट्टीचा माठ करते," संजीवनी म्हणाली.

आणि तिनं केला. जुना पत्रा, आत कुजलेला थर्माकोल, मुंग्यांची वसाहत. सगळं खरवडलं. व्हिडिओ बघून काचेचा कापूस भरला, वर प्लास्टिकचा अखंड कागद ताणून बसवला, वर प्लाय. खाजेनं हात सुजले. छोटा एसी लावला आणि पत्र्याच्या शेडमध्ये ती स्वतःच्या भिंतींमध्ये शाल घेऊन बसली. शाल! सिंगापुरात! ते सुख तिनं कुणाला सांगितलं नाही. एसी आठवडेच्या आठवडे चालू ठेवला.

"व्हिडिओ कुठला होता?" आता प्रबोध विचारत होता.

"कॅनडातल्या एका बाईचा."

"कॅनडा!" तो हसला, तिथेच चुकला. "अगं, तिकडे बाहेर बर्फ आणि आत माणसांची वाफ. म्हणून तिकडे प्लास्टिक आतल्या बाजूला. इथे वाफ बाहेर आहे! जुन्या पत्र्याच्या सांध्यांतून ती भिंतीत शिरते, तुझ्या गार प्लास्टिकला टेकते आणि तिथेच पाणी होतं. तू जितकी थंडी करत गेलीस, तितकं पाणी साठत गेलं. जहाजावरच्या कोल्ड रूमला आम्ही वाफ बाहेरूनच अडवतो. हे कुठल्याही ज्युनियरला..."

"कुठल्याही ज्युनियरला कळतं."

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हणत होतात."

संजीवनी आत आली. तिनं प्लास्टिकमागे बोटं घातली. ओली झाली. फळीला नखानं टोचलं, नख आत गेलं. बोटं साडीला पुसली.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली.

प्रबोध जरा सैल झाला. "तेच सांगतोय. ट्रक रद्द कर. मी आता घरीच आहे, मी टेक ओव्हर करतो. सगळं परत खोलू, पत्र्याचे सांधे..."

"मी फोटो पाठवला होता."

"कसला?"

"प्लास्टिक लावताना. प्लाय मारायच्या आधी. खाली लिहिलं होतं, 'हे बरोबर आहे ना? मगच पुढे जाते.' दोन दिवस थांबले मी. हातात स्क्रू घेऊन थांबले."

"जहाजावर नेट कसं असतं तुला माहितीये. फोटो उघडतच नाहीत."

"तुमचा अंगठा आला होता."

"काय?"

"अंगठा! थम्सअप! तुमचा अंगठा समुद्र ओलांडून इथवर पोहोचला, आणि माझा फोटो तिथे नाही पोहोचला?"

शेडच्या बाहेर कुणाची तरी लॉरी मागे येताना टूं टूं करत राहिली. ती थांबेपर्यंत प्रबोध पालथं प्लाय सरळ करत राहिला.

"मी बघितला नाही," तो म्हणाला. "तुझे रोजच काही ना काही फोटो यायचे. पडदे, रंग, हँडल. मला वाटलं, असंच काहीतरी."

"असंच काहीतरी." ती खालच्या आवाजात म्हणाली, आणि मग आवाज चढत गेला. "नळ घट्ट होता ते तुम्हाला दिसतं. फ्रिज चिकटला ते दिसतं. मी केलेलं मोडायचं असलं की तुमचे डोळे दुर्बीण होतात हो! आणि मी विचारते तेव्हा? तेव्हा अंगठा! तुमच्या सेकंड इंजिनियरनं फोटो पाठवला असता, तर दिला असतात अंगठा?"

"नाही."

"का?"

"कारण... ते काम असतं."

म्हटल्यावर त्यालाच ते ऐकू आलं. पण तोवर तिचं ऐकून झालं होतं.

संजीवनीनं पदर खोचला. पिशवी कट्ट्यावर ठेवली, पेटीतून कटर काढला आणि प्लास्टिकला वरपासून खालपर्यंत चीर दिली. खिडकीखाली, बिछान्यामागे, दाराशेजारी, फराफरा. पिवळ्या फळ्या एकामागून एक उचकटत गेली. ओल्या कापसाचे लगदे बाहेर पडले.

"अगं, थांब! निदान मला धरू दे."

"सांधे कशानं बुजवायचे?"

"सीलंट. आधी पत्रा घासून. आणि कापूस नको, फोमचे बोर्ड, पत्र्याला पक्के चिकटवून, मध्ये पोकळी नको. पण शनिवारपर्यंत होणार नाही, संजीवनी. शक्यच नाही."

"तिथे करीन. झाडाखाली. नागडी जाईल ही शनिवारी, पण जाईल."

"एकटी करणार?"

"मोडली ती एकटीनंच."

"आणि झोपणार कुठे? अशा पत्र्यात? उकडून मरशील."

"माझ्या पत्र्यात मरेन."

तिनं शेवटची फळी बाहेर फेकली, हात झटकले आणि डब्याची पिशवी त्याच्या हातात दिली. त्यात त्याच्या पोळ्या होत्या. चार्जरवरचा ड्रिल आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन ती पायरी उतरली.

प्रबोध दाराच्या चौकटीत पिशवी धरून उभा राहिला. त्याला आज पहिल्यांदाच त्या डब्यात तपासण्यासारखं काही दिसत नव्हतं.

"संजू," तो म्हणाला, "मी यायचं का तिथे? शनिवारी. मी... येऊ का?"

संजीवनीनं शेडचं शटर खांद्यानं वर ढकललं आणि ती उन्हात निघून गेली.