शालूच्या नावावर लिहिलेलं विष

दोन हजार तेराचा दुष्काळ. मेंढ्यांचे गोचीड काढता काढता मल्हारीच्या बायकोला, शालूला, ताप चढला. तिसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त यायला लागलं. शहरातल्या दवाखान्यात डॉक्टर व्यंकटरावांनी दुरूनच पाहिलं आणि लिहून टाकलं, ‘फवारणीचं औषध प्यालेली.’ शालू गेली. गावात, पिशोरच्या भर बाजारात शालूचा बाप कडुबा मल्हारीवर थुंकला, “तूच पाजलंस!”

महिन्यानं शालूच्या रक्ताचा अहवाल दवाखान्यात आला. गोचिडापासून होणारा रक्तस्रावी ताप. दवाखान्यातल्या शिपायानं मल्हारीच्या कानावर घातलं. कागद मात्र व्यंकटरावांनी दाबला.

पुढच्या दुष्काळात मेंढ्या विकल्या. वावरं गिळत शहर पसरत होतं. त्याच्या कडेला एका खाजगी प्रयोगशाळेत मल्हारी माकडं सांभाळायला लागला. साहेब कोण, तर व्यंकटराव! आता त्याच तापावर डीएनए लस करत होते. त्यांनी मल्हारीला ओळखलंच नाही.

सहा माकडांना लस, दोघांना नुसतं मिठाचं पाणी. लस टोचली की मांडीला विजेचा बारीक झटका द्यायचे, म्हणजे ती आत मुरायची. मल्हारी खाली मानेनं पिंजरे धूत राहिला. रक्त काढायच्या दिवशी माकडं भुलीत होती. त्यानं मिठाच्या पाण्यावरच्या दोघांचे नंबराचे गळपट्टे लसवाल्या दोघांना घातले, त्यांचे ह्यांना.

निकाल भलताच आला. व्यंकटराव जनावरांच्या डॉक्टर मीनाक्षीबाईंवर खेकसले. मिठाच्या पाण्याचे पट्टे घातलेल्या दोघांच्या मांड्यांवर बाईंना झटक्याचे डाग दिसले. “सर, पट्टे बदललेत.”

“म्या बदलले,” मल्हारी पुढं आला. “बाईंचा दोष नाय.”

“का रे?” व्यंकटरावांनी विचारलं.

“शालू आठवती का?”

“कोण शालू?”

मल्हारीच्या अंगाचा तिळपापड झाला. “जिच्या नावावर तुमी विष लिवलं अन् तापाचा अहवाल दाबला, ती! खरं लिवून द्या. नायतर ही माकडांची गोष्ट पेपरात जाईल, मग तुमच्या लसीवर कोण इस्वास ठेवंल?”

व्यंकटराव बाईंकडं बघायला लागले. त्या म्हणाल्या, “तो अहवाल मलाही वाचायचाय, सर.”

शालू तापानं गेली, चूक आपली, असं लिहून व्यंकटरावांनी सही केली. मल्हारीची नोकरी त्याच दिवशी गेली. रक्त पुन्हा तपासलं, लस लागू पडत होती. बाईंनी फोन करून सांगितलं. “लई उशीर झाला, बाई,” एवढंच तो बोलला.

पिशोरच्या बाजारात त्यानं सर्जेराव मास्तरांना कागद मोठ्यानं वाचायला लावला. मग पुन्हा. तिसऱ्यांदा कडुबा कळवळला, “बस की रं, लेका.”

“वाचा, मास्तर.”

कडुबा खाली बसून रडायला लागला. मल्हारीनं त्याला सावरलं नाही. कागद पंचायतीच्या भिंतीवर डकवला आणि दुपारच्या एसटीनं तो काम शोधायला शहराकडं गेला.