मिलानच्या गाडीत आईला हाक मारली नाही

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. आणि माझ्या पोटात काही राहत नाही अशी आमच्या घरात माझी ख्याती आहे, बरं का! आमटीत मीठ जास्त पडलं तरी पाहुण्यांनी घास घ्यायच्या आत मीच ओरडून सांगते. पण ही एक गोष्ट — ही राहिली पोटात. आज सांगायला बसले आहे खरी, पण धड सांगता येईल का, कोण जाणे.

सुरुवात आईपासूनच करते. माझी आई साताऱ्याची. मुक्ताच्या वेळी बाळंतपणाला म्हणून सिंगापूरला आली आणि मग येतच राहिली. सेरंगूनच्या आमच्या फ्लॅटमध्ये वर्षातले कितीतरी महिने तिचाच वावर. आमच्या मजल्यावर घरोघरी हेल्पर होत्या — परदेशातून आलेल्या मुली, घरातच राहून मुलांचं, स्वयंपाकाचं सगळं बघणाऱ्या. मी काही ठेवली नाही. परक्या बाईच्या हाती मूल कशाला द्यायचं? आई आहे ना! हे मी मैत्रिणींना काय तोऱ्यात सांगायचे.

मुक्ता चार वर्षांची असताना जूनच्या सुट्टीत आम्ही युरोपला गेलो. पॅरिस, झुरिक, मिलान — सगळा प्रवास रेल्वेनं. नवऱ्याला रजा मिळण्यासारखी नव्हती, म्हणून मी, मुक्ता आणि आई. आईला युरोप दाखवतेय असं मी साताऱ्यापर्यंत सगळ्यांना कळवलं होतं. खरं सांगू? तिला नेलं ते मुक्तासाठी. लहान मुलाला घेऊन या शहरातून त्या शहरात जायचं म्हणजे काय, ते केल्याशिवाय कळत नाही. प्लॅटफॉर्म शोधा, डबा शोधा, स्ट्रोलरची घडी घाला, आणि नेमकी तेव्हाच पोरीला शू लागणार! मी तिकिटं आणि फोन घेऊन पुढे. मागून आई — एका हाताला मुक्ता, दुसऱ्या हातात बॅग.

तर झुरिकहून मिलानला जाणारी गाडी. आई खिडकीशी बसली होती. सुती साडी, वर माझ्या नवऱ्याचं जुनं जॅकेट, बाह्या दुमडलेल्या. कानांना मफलर, पायांत माझे जुने स्पोर्ट्स शूज. मांडीवर मुक्ता. सिंगापूरहून करून आणलेल्या तिखट-मिठाच्या पुऱ्यांपैकी शेवटच्या दोन उरल्या होत्या, त्यांचे तुकडे ती मुक्ताला भरवत होती. मधेच खिडकीकडे बोट करून म्हणायची, आता बघ हं, बर्फाचे डोंगर येतील.

आणि डब्यात कोण शिरावं? माझी बॉस, नवऱ्यासोबत! जूनमध्ये निम्मं सिंगापूर युरोपात असतं म्हणा, पण तीच गाडी, तोच डबा? मी ताडकन उठले. हसणं झालं, हात मिळवणं झालं. मग तिची नजर आईवर गेली. कौतुकानं मान हलवत ती म्हणाली, "ओह, यू ब्रॉट युवर हेल्पर! सो स्मार्ट."

एक शब्द पुरला असता. मदर. बालवाडीतलं पोर सांगेल. मला का नाही सांगता आला? माझ्या प्रमोशनचं तेव्हा चाललं होतं, ती सबब पुढे करू का? नको. मी आईचे शूज पाहिले, पुऱ्यांची तेलकट फॉइल पाहिली, आणि मला तिची लाज वाटली. माझ्या आईची. मी हसून म्हणाले, "येस. कान्ट मॅनेज विदाउट हर."

हो. मीच म्हणाले हे.

आणि एवढ्यावर थांबले असते तर! बॉसच्या नवऱ्याला जागा हवी होती. मी आईला हातानं खूण केली — जरा पलीकडे. ती उठली. मुक्ताला कडेवर घेतलं, बॅग खांद्याला लावली आणि सामानाच्या रॅकपाशी एक सुटी सीट होती, तिथे जाऊन बसली. त्या सीटला धड खिडकीही नव्हती. डोंगर आले, तळी आली, मी बॉसला बोट करकरून दाखवत होते. मिलान येईपर्यंत मी एकदाही 'आई' अशी हाक मारली नाही.

आईला इंग्रजी बेताचंच, अशी मी मनाची समजूत घातली. पण हेल्पर? संध्याकाळी मुक्ताला इमारतीखाली खेळायला न्यायची, तेव्हा ती त्या मुलींच्याच बाकावर बसायची. तिला हा शब्द कळला नसेल? आणि त्याहून वाईट — बॉसला जे दिसलं, ते चूक होतं का? आईला मी दुसरं काय करून ठेवलं होतं?

मिलानला उतरल्यावर आई म्हणाली, "चहा मिळतोय का बघ गं कुठे." बस, एवढंच.

परत आल्यावर एका रविवारी आमच्याकडे मित्रमंडळी जेवायला होती. आई आत पुऱ्या तळत होती. कुणीतरी मुक्ताला विचारलं, आजी काय काय खाऊ करते? आणि मुक्ता सगळ्यांसमोर तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजी इज अवर हेल्पर. मम्मा टोल्ड द आंटी, इन द ट्रेन लाह."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पोरीच्या थोबाडीत मारली. त्याआधी तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. वर ओरडले, "खोटं बोलतेस?"

आई हातात झारा घेऊन बाहेर आली. "अगं, मारतेस काय तिला! मीच शिकवलंय ते. गंमत केली होती."

सगळे हसले. आजी भारी आहेत तुमच्या, म्हणाले. मुक्ता गालावर हात धरून आजीकडे बघत राहिली. तिनं काय ऐकलं होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि आईलाही ठाऊक होतं, हे मला त्या क्षणी कळलं.

दिवाळीआधी आई साताऱ्याला गेली. गुडघे धरतात म्हणून पुन्हा आली नाही. दर रविवारी आम्ही फोनवर बोलायचो — हवा, औषधं, मुक्ताची शाळा. पुढे तीन वर्षांनी ती गेली. समाचाराला आलेल्या शेजारणी मला सांगत होत्या, लेकीनं युरोप दाखवला म्हणून केवढी हरखली होती! गाडीच्या खिडकीतून बर्फाचे डोंगर कसे दिसतात, ते किती रंगवून सांगायची. मी मान डोलवत होते. रडायला आलं, तर त्यांनी मला जवळ घेतलं.

मुक्ता आता अकरा वर्षांची आहे. परवा जेवताना एकदम म्हणाली, "मम्मा, लहान असताना मी खूप लाय करायचे ना? यू स्लॅप्ड मी वन्स." गाडी तिला आठवत नाही. थोबाडीत बसलेली आठवते.

माझ्या हातात वरणाची वाटी होती. म्हणाले, "हो, बोलायचीस थोडं खोटं."

तिनं मान हलवली आणि वरणासाठी ताट पुढे केलं.