गाडी सुकवण्याची उत्तम यंत्रणा

हवाई दलातून निवृत्त झाल्यावर शहाण्या माणसाने साताऱ्याला जावं. तिथे आमचा प्लॉट होता आणि शेजारीच माझी बहीण राहत होती. पण यांना चंदीगड सोडवेना. मुलांची शाळा हे सांगायचं कारण. खरं कारण म्हणजे यांच्या डोक्यात शिरलेलं खूळ. अंबाल्याच्या रस्त्याला एका पेट्रोल पंपामागची मोकळी जागा यांनी भाड्याने घेतली, सिमेंटचे ओटे बांधले, जोरदार पाण्याचा पाइप बसवला आणि जाहीर केलं की इथे ज्याने त्याने आपली गाडी आपण धुवायची.

मी कपाळाला हात लावला. ज्याच्याकडे गाडी आहे, त्याच्याकडे ती धुणारा माणूस असतोच की. पण यांचा होरा बरोबर निघाला. पंजाब धुमसत होता, ते दिवसच तसे होते. बाजारात बेवारस स्कूटर दिसली तरी लोक रस्ता बदलायचे. अनोळखी माणसाच्या हाती गाडी द्यायला कोणी धजत नव्हतं, कारण सीटखाली कोण काय ठेवील याचा नेम नव्हता. स्वतः धुतली की खात्री. लोक येऊ लागले.

अडलं ते सुकवण्यापाशी. धुतलेली गाडी फडक्याने पुसायला वेळ लागे, आणि वाटेतले पोलिसांचे नाके ओलांडून अंधाराच्या आत घरी पोचायची घाई तर सगळ्यांनाच. त्यामुळे दुपार कलली की आमचे ओटे ओस. यांनी ठरवलं, गाडी वाऱ्याने सुकवायची. त्यासाठी साताऱ्याचा प्लॉट विकला. मी बरेच दिवस धड बोलले नाही. मग अट घातली, दिवाळीपर्यंत हे चाललं नाही तर सामान बांधायचं आणि साताऱ्याला भाड्याच्या घरात का होईना, जाऊन राहायचं. हे मुकाट्याने कबूल झाले.

डेराबस्सीच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातला, रंग सुकवायचा जुना ब्लोअर यांनी मिळवला. हत्तीएवढं ते धूड, त्याला पत्र्याचं लांब नळकांडं. ट्रकवर ताडपत्रीखाली ते बघून नाक्यावरच्या शिपायाने बंदूक सरसावली. "ये तोप कहाँ ले जा रहे हो जी?" यांनी निवृत्तीचं ओळखपत्र दाखवलं, तेव्हा त्याचा संशय उलट वाढलाच. सगळं उतरवून, नळकांड्यात टॉर्च मारून झाल्यावर ट्रक सुटला. पुढे चौथऱ्याचं काँक्रीट ओतलं आणि त्याच संध्याकाळी संचारबंदी लागली. पाणी मारायला कोणी जाऊ शकलं नाही, चौथरा तडकला, फोडून पुन्हा ओतावा लागला. तोवर गवंडी घाबरून बिहारला निघून गेले होते. थ्री फेजच्या जोडणीसाठी यांच्या चपला झिजल्या. शेवटी ब्लोअर सुरू झाला तेव्हा त्या आवाजाने पंपासमोरचा चहावाला स्टोव्ह तसाच टाकून पळाला. पण गाडी सुकली, लख्ख सुकली. हे लहान मुलासारखे हसत होते.

आता मोठी पाटी हवी. 'मशीन' लिहिलं की शिलाईचं वाटतं, असं यांचं म्हणणं. लोकांना शुद्ध हिंदी दिसली पाहिजे. जन्म हिंदी बोलण्यात गेला, पण लिहायची वेळ आली की आमची मराठीच वर येणार. यांनी मजकूर दिला, पेंटरने निमूट रंगवला: 'यहाँ गाड़ी सुखाने की उत्तम यंत्रणा है। स्वयं अनुभव कीजिए।'

त्यानंतर गिऱ्हाईक वाढायच्या ऐवजी घटलं. लोक पाटीपाशी गाडी हळू करायचे, वाचायचे आणि निघून जायचे. आम्ही परिस्थितीला बोल लावला. दिवाळी जवळ येत होती. यांचं जेवण कमी झालं.

आमच्या समोरच्या घरातले सरदारजी बँकेत होते. ते एकदा गाडी धुवायला आले, पाटी वाचली आणि पोट धरधरून हसले. "भाभीजी, हिंदी में यंत्रणा का मतलब मालूम है? तकलीफ देना. हड्डियाँ तोड़ना. और आप कहते हो, आओ जी, खुद अनुभव करो!" आम्हीही हसलो. मग ते हसायचे थांबले आणि खाली बघत म्हणाले, "मेरा छोटा भाई करके आया है अनुभव." त्या भावाला कोणी उचलून नेलं, कुठे ठेवलं, हे आम्ही विचारलं नाही. तेव्हा कोणी विचारत नसे.

पाटी बदलली. 'हवा से गाड़ी सुखाइए', इतकंच. आणि खरोखर रांग लागली. दिवाळीच्या आधीच्या एका संध्याकाळी गाड्या पार रस्त्यापर्यंत उभ्या होत्या. मीही मदतीला गेले होते. सरदारजींची गाडी ओट्यावर आली, शेजारी भाऊ बसलेला, तिशीचा, धडधाकट माणूस. तो उतरून कडेला उभा राहिला. यांनी बटण दाबलं. ब्लोअर गरजला आणि तो माणूस जागच्या जागी खाली बसला. दोन्ही हात डोक्यावर, कोपरं चेहऱ्यापुढे.

यांनी ब्लोअर तत्क्षणी बंद केला. मागचे हॉर्न वाजवू लागले. अंधारत होतं, घाई सगळ्यांनाच होती. यांनी खुंटीवरचं जुनं फडकं घेतलं आणि बॉनेटपासून गाडी पुसायला लागले, सावकाश, घरची गाडी असल्यासारखी. एक गाडी रांगेतून निघून गेली, मग दुसरी. ज्या यंत्रापायी प्लॉट गेला ते गप्प उभं होतं, आणि यांनी रांगेकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला त्या घटकेला हा माणूस फार आवडला. मी पदर खोचला, दुसरं फडकं घेतलं आणि मागच्या काचेपासून सुरुवात केली. थोड्या वेळाने तो भाऊ उठला, त्याने माझ्या हातातलं फडकं मागून घेतलं आणि उरलेली काच स्वतः पुसली.

साताऱ्याला जायचा विषय मी पुन्हा काढला नाही.